मगदूम खोतांत, खोत मगदुमांत

जिनेंद्र आलासेनं त्या पंधरवड्यात नवीन असं काहीच लिहिलं नव्हतं. नुसतं खोडलं होतं. आणि नवं घर बांधून माणसं जेवढी मिरवत नाहीत, तेवढा तो त्या खोडण्यावर मिरवत होता.

त्याचं काम सांगायचं तर असं. शिरवळच्या एका छोट्या कंपनीत एक पेटी तयार होते. दिसायला लाडवाच्या डब्याएवढी. दवाखाने, शाळा, संस्था आपापल्या फाइली तिच्यात ठेवतात. पेटीत फोल्डर असतात, फोल्डरांत आणखी फोल्डर असतात, आणि कोण कुणाच्या पोटात बसलंय याची काळजी वाहणारं एक कोड असतं. ते सांभाळायचं काम जिनेंद्रकडं, आणि सांगलीतल्या आपल्या घरी माडीवर बसून तो ते सांभाळायचा. कोड जुनं, दहा हातांखालून गेलेलं, जागोजाग ठिगळं लावलेलं. जिनेंद्रला लहानपणापासून टापटिपीचा सोस. त्यानं कंबर कसली आणि झाडलोट सुरू केली. दोनदा लिहिलेलं एकदा केलं, न लागणारं काढलं, वाकडी नावं सरळ केली. इथवर सगळं ठीकच होतं.

मग त्याला ते सापडलं. एखादं फोल्डर एका जागेवरून दुसरीकडं हलवायचं झालं, की जुनं कोड आधी बाकीच्यांना जागच्या जागी उभं करायचं. एका वेळी एकच हलणार, इतरांनी दम धरायचा. आणि मग, जिथं जायचंय तिथून पार वरच्या टोकापर्यंत चढून बघायचं, की बाबा रे, तू निघालायस ते घर तुझ्याच पोटात तर नाही ना? ह्या दोन तपासण्यांच्या डोक्यावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं, "हे काढू नका." का काढू नका, ते लिहिलं नव्हतं. ज्या अर्थी कारण लिहिलेलं नाही त्या अर्थी कारणच नाही, असं जिनेंद्रनं ठरवून टाकलं. कुठलं येडं फोल्डर स्वतःच्याच पोटात शिरायला जाईल? त्यानं दोन्ही तपासण्या उडवल्या. पेटी अशी पळायला लागली की यंव रे यंव!

त्याचा वरिष्ठ अश्फाक मुजावर मूळचा मिरजेचा, आता शिरवळच्या ऑफिसात बसणारा. त्यानं फोनवर सगळं कौतुक ऐकून घेतलं.

"लय पळतीय म्हणतोस?"

"दुप्पट! आणि कोड कसं, आरशासारखं झालंय."

"ते झालं रं. पर आपण तपासतो ते शहाण्यासारखं तपासतो. आठ दिवस खऱ्या माणसांच्या हातात दे. माणसं काय करतील, ते आपल्या डोक्यातच येत न्हाई बघ."

"खरी माणसं कुठनं आणू मी?"

"तुझ्या घरात न्हाईत व्हय?"

घरात होती की. चांगली दोन होती. जिनेंद्रचे वडील सुकुमारआण्णा निवृत्त झाल्यापासून जैन समाजाचं वधू-वर केंद्र चालवत होते आणि आई राजमतीबाई आण्णांना चालवत होत्या. केंद्राचं सगळं सामान कॉम्प्युटरवर, आणि त्यात आण्णांची स्वतःची एक पद्धत. प्रत्येक घराचं एक फोल्डर, त्यात त्या घरातल्या लग्नाच्या मुलामुलींचे फोटो आणि माहिती. एखादी सोयरीक जमली, की मुलीकडचं अख्खं घर उचलायचं आणि मुलाकडच्या घराच्या आत नेऊन ठेवायचं. याला आण्णा 'पाठवणी' म्हणायचे. त्यामुळं मुलाकडचं घर उघडलं की त्यांचे सगळे सोयरे एका जागी दिसायचे, आणि पुढची स्थळं जुळवताना नात्यात गुंता व्हायचा नाही.

राजमतीबाईंना ही पद्धत मुळीच पसंत नव्हती. "आवं, पोरगी देत्यात की घर देत्यात?" असं त्या विचारायच्या. पण आण्णांनी स्वतःच्या घरालाही सोडलं नव्हतं. थोरली लेक प्राची खोतांकडं दिली त्याच संध्याकाळी त्यांनी आलासे घराण्याची खोतांच्या फोल्डरात पाठवणी केली होती आणि वर डोळेही पुसले होते.

जिनेंद्रनं केंद्राचं सगळं सामान नव्या पेटीत हलवून दिलं. आठवडाभर आण्णा इकडची घरं तिकडं करत राहिले, पेटीनं हूं की चूं केलं नाही. जिनेंद्र खूष झाला. पण खरं सांगायचं तर त्याला पेटीपेक्षा वेगळीच घाई होती.

गेल्या महिन्यात त्यानं ब्राह्मी चौगुलेला पाहिलं होतं. ब्राह्मी जनावरांची डॉक्टर, खंडाळ्याच्या सरकारी दवाखान्यात. दोघांना गच्चीवर जरा बोलायला म्हणून पाठवलं, तर दोघं खाली यायचंच विसरली. शेवटी राजमतीबाईंनी जिन्यातून हाका मारल्या. मुलगी हो म्हणाली. मुलगा तर फोटो बघूनच हो होता. घोडं अडलं ते तिच्या वडिलांपाशी. श्रीपाल चौगुले हळदीचे व्यापारी. पोतं फोडून मूठभर हळद तळहातावर घेतल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नसे.

"नोकरी कुठं म्हणायची पावणं?" घरात कांदा चालत नाही म्हणून कांदेपोह्यांऐवजी केलेल्या उपम्याचा घास घेत त्यांनी विचारलं होतं.

"शिरवळला."

"आन् ऱ्हाता सांगलीत?"

"काम घरनंच करतो."

"घरनं." चौगुल्यांनी बशी खाली ठेवली. "करता काय नेमकं?"

"पेटीत फाइली असत्यात, त्या फोल्डरांत ठेवत्यात..."

"म्हंजी फाइली लावता?"

"न्हाई, मी लावत न्हाई. त्या लावताना कुणाची जागा कुठं, ते सांभाळणारं जे असतं, ते मी... सध्या साफ करतोय."

"झाडलोट करता," चौगुले म्हणाले आणि विषय मिटवला. जाताना दारात आण्णांचा हात हातात घेऊन त्यांनी सरळच सांगितलं, "पोरगं गुणाचं हाय. पर घरात बसून पगार घ्यायचा म्हंजी मला काय पटत न्हाई. कवातरी त्यांच्या ध्यानात येणार की काम असं न्हाईच! मग माझ्या पोरीनं काय करायचं? केंद्राच्या वधू-वर मेळाव्यात भेटू. तवा काय ते बघू."

ब्राह्मीचा फोन आला तो काळजीचाच. "बाबांना डोळ्यांनी दिसायला पाहिजे हो काहीतरी. तुमचं काम दिसतच नाही कुठं."

"मेळाव्यात दिसेल," जिनेंद्र छाती फुगवून म्हणाला. "सगळा मेळावा माझ्या पेटीवर चालणार आहे. त्यांना फक्त पहिल्या रांगेत बसवा."

रविवारी सकाळी सांगलीतलं मंगल कार्यालय माणसांनी फुलून गेलं. व्यासपीठावर मोठा पडदा, टेबलावर दोन लॅपटॉप, एकावर आण्णा आणि दुसऱ्यावर राजमतीबाई, आणि मध्ये ती लाडवाच्या डब्याएवढी पेटी. आण्णा माइकवर घराचं नाव पुकारायचे, मुलगा किंवा मुलगी व्यासपीठावर यायची आणि त्याच क्षणी पडद्यावर फोटो, शिक्षण, नोकरी, सगळं झळकायचं. कुठं अडखळणं नाही की थांबणं नाही. पहिल्या रांगेत चौगुले हाताची घडी घालून बसले होते. शेजारी ब्राह्मी. थोड्या वेळानं चौगुल्यांची घडी सुटली. आणखी थोड्या वेळानं ते पुढं वाकून बघायला लागले.

"ह्ये सारं त्या डब्यातनं येतंय?" त्यांनी जिनेंद्रला विचारलं.

"व्हय काका."

"पटापट येतंय रं!"

जिनेंद्रच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ह्या भरात तो होणाऱ्या सासऱ्यांसाठी स्वतः चहा आणायला मागं स्वयंपाकघरात गेला. तिथंच घात झाला.

तो मागं वळतो न वळतो तोच आण्णांनी माइक तोंडाशी घेतला. "मंडळी, लय आनंदाची बातमी हाय! कवठेपिरानचे नेमगोंडा खोत आणि समडोळीचे भूपाल मगदूम यांच्यात साटंलोटं ठरलंय. खोतांची लेक मगदुमांकडं आणि मगदुमांची लेक खोतांकडं. तर आता तुमा सगळ्यांच्या साक्षीनं त्यांची पाठवणी करतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन्ही व्याही फेटे सावरत वर आले. आण्णांनी मगदुमांच्या घरावर बोट ठेवलं, तसे भूपाल मगदूम पुढं झाले.

"थांबा आण्णा. आमचं घर कुठं चाललंय?"

"खोतांच्या आत. तुमी मुलीकडचे न्हवं का?"

"आन् मुलाकडचे बी हाय की! आमी का म्हणून त्यांच्या पोटात जायाचं?"

"बरं, मग खोत जातील तुमच्यात."

"आमी?" नेमगोंडा खोत गरजले. "आमी काय मुलाकडचे न्हाई व्हय? सोयरीक मोडली तरी चालंल, पर आदी आमचं घर हलायचं न्हाई!"

आण्णांना दरदरून घाम फुटला. चाळीस वर्षांच्या नोकरीत असा पेच आला नव्हता. अख्खा समाज बघतोय, दोन लग्नं पडद्यासमोर मोडायला निघालेली. शेवटी राजमतीबाईच मदतीला धावल्या.

"आवं, त्यात काय एवढं? दोन लॅपटॉप हायत, दोन व्याही हायत. दोघांनी एकाच टायमाला आपापलं घर पाठवायचं. कोण आदी न्हाई आन् कोण मागनं न्हाई."

"वा! ह्येला म्हणत्यात डोकं!" सभागृहातून कुणीतरी ओरडलं. दोन्ही व्याह्यांच्या मिश्या हसल्या. खोत एका लॅपटॉपवर बसले, मगदूम दुसऱ्यावर. आण्णांनी बोट कुठं ठेवायचं ते दोघांना दाखवलं आणि माइकवर खणखणीत आवाज लावला, "शुभमंगल..."

हातात चहाचा ट्रे घेऊन जिनेंद्र दारात आला. पडद्यावर मगदुमांचं घर खोतांच्या दाराशी आणि खोतांचं घर मगदुमांच्या दाराशी टेकलेलं त्यानं पाहिलं. "आण्णा, न्हाई!"

"...सावधान!"

दोन बोटं एकदम पडली. पडद्यावरचं मगदुमांचं घर खोतांत शिरलं, त्याच क्षणी खोतांचं घर मगदुमांत शिरलं, आणि पडद्यावर दोन्ही घरांच्या जागी पांढरी जागा उरली. सभागृहानं टाळ्या वाजवून छत डोक्यावर घेतलं. पाठवणी अशीच असते, असं सगळ्यांना वाटलं. कुणीतरी अक्षतासुद्धा टाकल्या.

एकटा जिनेंद्र तेवढा दगड होऊन उभा होता. जे काढलं होतं ते कशासाठी होतं, ते त्याला त्या एका क्षणात लख्ख कळलं. मगदूम खोतांच्या आत, खोत मगदुमांच्या आत, आणि बाहेर कुणीच नाही! दोन घरांनी एकमेकांत शिरून आतून कडी घातली होती, आणि ती काढायला बाहेर माणूसच उरला नव्हता. ट्रेमधले कप थडथड वाजायला लागले. चौगुल्यांनी हात लांब करून त्यातला आपला कप उचलून घेतला.

"आता बघा, खोतांचं घर उघडलं की आत मगदूम दिसतील," आण्णा हौसेनं म्हणाले. त्यांनी नाव टाकलं. पडद्यावर आलं, 'असं काही सापडत नाही.' त्यांनी मगदूम टाकलं. 'असं काही सापडत नाही.' आण्णांचा चेहरा खर्रकन उतरला. माइक तोंडाशी चालू आहे, ह्याचं भान त्यांना राहिलं नाही.

"जिन्या," ते कुजबुजले आणि ते कुजबुजणं आठ स्पीकरमधून घुमलं. "खोत न्हाईत रं."

"आण्णा, माइक..."

"मगदूम बी न्हाईत. आन् आपण कुठं हाय?"

"आपण... प्राचीताईमुळं खोतांत हाय."

"म्हंजी आपण बी न्हाई?"

मग एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडायला लागला. खोत आणि मगदूम म्हणजे काय दोन घरं नव्हेत! दोन्हीकडं लेकी देणाऱ्यांची रीघ, त्यामुळं त्यांच्या पोटात सोयरे, सोयऱ्यांच्या पोटात त्यांचे सोयरे. "आमी कुणात हाय?" "आपण आवट्यांत, आवटी मगदुमांत." "अगं बाई, मग पोरीचा फोटो?" निम्मा मेळावा उभा राहिला. व्यासपीठाच्या पायरीवर आपली पाळी म्हणून नव्या साडीत उभी असलेली एक मुलगी रडायलाच लागली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून चौगुले उठले. त्यांच्या हातात कप तसाच होता.

"आन् आमी?"

चौगुल्यांची थोरली लेक मगदुमांची सून.

"काका, घाबरू नका," जिनेंद्र कसाबसा म्हणाला. "गेलं काहीच न्हाई. सगळी घरं पेटीतच हायत, जशीच्या तशी. फक्त त्यांच्यापर्यंत जायला वाट न्हाई."

"वाट न्हाई म्हंजी गेलंच की रं!" चौगुले ओरडले. त्यांचं चुकीचं काहीच नव्हतं.

जिनेंद्रनं ब्राह्मीकडं बघायचं टाळलं. महिन्याभरात जुळून आलेलं सगळं त्याला डोळ्यांदेखत मातीत जाताना दिसत होतं. तो आण्णांकडं वळला. "आण्णा, सामानाची दुसरी कॉपी करून ठेवा म्हणून मी सांगितलं होतं."

"केलीय की!" आण्णांच्या जिवात जीव आला. "काल स्वतः केलीय. एकदम भरवशाच्या जागी ठेवलीय."

"कुठं?"

"मगदुमांच्या फोल्डरात. एवढं सचोटीचं घर दुसरं कुठलं हाय?"

जिनेंद्र खाली बसला. मग उठला आणि पडद्याच्या मागं जाऊन अश्फाकला फोन लावला.

"अश्फाकभाई, मेलो."

जिनेंद्रनं घडलेलं सगळं सांगितलं. "दोघांनी एकाच टायमाला पाठवलं? एकमेकांत?" अश्फाक म्हणाला. "आयला! असं कोण करतं?"

"साटंलोटं होतं."

"तू त्या 'हे काढू नका'वाल्या दोन्ही तपासण्या काढल्यास?"

"व्हय. कारण लिहिलं नव्हतं त्यावर!"

"ते मीच लिहिलं होतं गड्या."

"मग कारण का न्हाई लिहिलं?"

"मला वाटलं, काढू नका म्हटल्यावर कोण काढंल?" अश्फाकनं उसासा टाकला. "बरं, आता दुरुस्ती चालव. हरवलेलं सारं ती गोळा करती."

दुरुस्तीचा एक प्रोग्रॅम पेटीत असतोच. तो हरवलेल्या फोल्डराला धरतो आणि विचारतो, तुझं थोरलं घर कुठलं? मग त्या थोरल्याला विचारतो, तुझं कुठलं? असं चढत चढत सगळ्यात वर पोचला की वाट सापडते. जिनेंद्रनं तो सुरू केला. घाईत पडदा बंद करायचं राहून गेलं, आणि सगळ्या समाजासमोर ओळी धावायला लागल्या. मगदूमचं थोरलं खोत. खोतचं थोरलं मगदूम. मगदूमचं थोरलं खोत. खोतचं थोरलं मगदूम. थांबायचं नावच नाही! पेटीचा पंखा घोंघावायला लागला. राजमतीबाईंनी पदरानं पेटीला वारा घातला.

"दर वेळेला मगदुमाचं नाव पयलं का येतंय?" नेमगोंडा खोतांनी पडद्याकडं बोट दाखवून विचारलं.

"आवं खोत, गोल हाय त्यो! गोलाला पयलं कुठलं?" भूपाल मगदूम म्हणाले.

"पयल्या ओळीत तुमीच होता. मी बघितलंय."

"जिनेंद्र," फोनमधून अश्फाक ओरडत होता, "ती दुरुस्ती पण तुझ्याच साफ केलेल्या कोडवर चालतीय रं! तिला कळणारच न्हाई आपण गोल फिरतोय ते. बंद कर. जुन्या ओळी पाठवतोय, जशाच्या तशा बसव. साफ करू नको. एक टिंब बी हलवू नको!"

जिनेंद्रनं दुरुस्ती बंद केली. लॅपटॉप मांडीवर घेतला आणि व्यासपीठाच्या कडेला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, खोडलेलं परत लिहायला बसला. पुढच्या रांगेतले लोक खुर्च्या ओढून जवळ आले. बोटं चालत होती, कपाळावरचा घाम कीबोर्डवर पडत होता, आणि चौगुले अगदी त्याच्या डोक्याशी उभं राहून, गार झालेला चहा हातात धरून, एकेक ओळ पडद्यावर उमटताना बघत होते. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण त्यांची नजर हलत नव्हती.

"झालं," जिनेंद्र पुटपुटला आणि त्यानं दुरुस्ती पुन्हा सुरू केली. मगदूमचं थोरलं खोत. खोतचं थोरलं मगदूम. आणि दुरुस्ती थांबली. गोल आहे, हे तिला कळलं. तिनं तो गोल एका जागी तोडला आणि जे हाती आलं ते 'हरवले-सापडले' नावाच्या फोल्डरात नेऊन ठेवलं. आण्णांनी ते उघडलं. आत एकच फोल्डर होतं. नाव, एकशे सतरा.

"एकशे सतरा कोण?" आण्णांनी भीत भीत विचारलं.

"तोडताना ज्याचं नाव गेलं त्याला नंबर मिळतो," जिनेंद्र म्हणाला. त्यानं एकशे सतरा उघडलं. आत खोत होते. खोतांच्या आत आलासे होते. खोतांच्या शेजारी चौगुले, आवटी, सगळे होते. फोटो होते, शिक्षण होतं, रडणाऱ्या मुलीचा नव्या साडीतला फोटोसुद्धा होता. लोकांनी असा सुस्कारा सोडला की पडदा हलला.

"म्हंजी एकशे सतरा म्हंजी आमी?" भूपाल मगदूम हादरले. "आमचं नावच गेलं?"

"तुमचं नाव गेलं, ते जाऊ द्या!" खोत कडाडले. "आमी बिननावाच्या पोटात बसलोय, त्येचं काय?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मगदुमांचं नाव गेलं होतं, खोत आत गेले होते. कुणाचं जास्त गेलं, याचा दोघांनी मनातल्या मनात बराच अंदाज घेतला. मग मगदूम म्हणाले, "बरोबरी झाली म्हणायची." खोत म्हणाले, "झाली." दोन्ही लग्नं वाचली.

जिनेंद्रचं मात्र वाचेल असं काही दिसत नव्हतं. तो मान खाली घालून चौगुल्यांसमोर उभा राहिला. ब्राह्मीही उठून वडिलांच्या शेजारी आली होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ह्ये सारं तू केलंस?" चौगुल्यांनी विचारलं.

"व्हय काका."

"एकट्यानं?"

"एकट्यानं."

"घरात बसून?"

"माडीवर."

"काय केलंस म्हणालास?"

"थोड्या ओळी खोडल्या. तीसेक असतील."

चौगुल्यांनी वळून सभागृहाकडं बघितलं. अजून छातीवर हात ठेवून बसलेल्या बायका, एकमेकांची घरं मोजणारे पुरुष, पदरानं पेटीला वारा घालणाऱ्या राजमतीबाई. मग त्यांनी तो गार चहा एका घोटात संपवला.

"आण्णा, मी चुकलो," ते म्हणाले. "मी म्हटलं ह्याला काम न्हाई. मी चार दिवस पेढीवर गेलो न्हाई तर बाजारात कुणाला पत्ता लागत न्हाई. आन् ह्या पोरानं माडीवर बसून तीस ओळी खोडल्या तर निम्मा समाज गायब! माघारी लिवल्या तर माघारी आला! भूपाल मगदुमासारख्या माणसाचं नाव पुसलं गेलं, म्हंजी काय खायाचं काम हाय व्हय? अशा माणसाला कंपनी कशाला सोडंल? सोडायला भ्या वाटंल तिला!"

जिनेंद्रनं आ वासला तो मिटायचंच विसरला. "काका, म्हंजी...?"

"पोरगी दिली," चौगुले म्हणाले.

ब्राह्मी आधी वडिलांकडं आणि मग जिनेंद्रकडं अशी बघत राहिली, जणू दोघांपैकी कुणाला तरी तपासायला हवं. राजमतीबाईंनी पेटीचा वारा सोडून पदर डोळ्यांना लावला. आणि आण्णा! आण्णांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी लगबगीनं लॅपटॉप पुढ्यात ओढला, चौगुल्यांचं घर शोधलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"शुभस्य शीघ्रम! आत्ताच पाठवणी करतो..."

चौगुल्यांनी झेप घालून त्यांचं मनगट पकडलं.

"आण्णा, हात काढा! मी पोरगी दिली म्हणालो. घर न्हाई दिलं."